उलट बाजू दाखव

शिवणाच्या मशीनवर पहिली टीप मारली तेव्हा ती वरून इतकी छान दिसत होती की मी लगेच फोटो काढून मावशीला पाठवला. जुन्या चादरीचा एक तुकडा, दुहेरी घडी घातलेला, आणि त्यावर वीतभर लांबीची एक टीप, सरळ म्हणता येईल अशी. दोन मिनिटांत तिचा मेसेज आला, "उलट बाजू दाखव". मी कापड उलटं केलं आणि बघतच राहिले. खाली दोऱ्याचं पार घरटं झालं होतं. टाके असे नव्हतेच, नुसते लोंबणारे फास, त्या फासांत अडकलेले आणखी फास, आणि मशीनच्या पोटातून आलेला एक दोरा त्यात असा काही गुंतलेला की कापड सोडवायला कात्रीच लागली.

मशीन मावशीचंच. तिने आयुष्यभर त्यावर शिवलं, स्वतःचं, आमचं, सगळ्यांचं, आणि मग डोळे आणि गुडघे दोन्ही कुरकुर करायला लागले तसं ते माझ्याकडे पाठवून दिलं. मला शिवणातलं ओ की ठो येत नव्हतं. बटण लावणं आणि धावदोरा घालणं, बस. वाटलं होतं की मशीन म्हणजे काय, दोरा ओवायचा, पाय दाबायचा, टीप पडते. आता जवळपास वर्ष होत आलं शिकतेय, आणि हे लिहायला बसले कारण मला जे मनापासून कुणाला तरी सांगायचंय ते हेच, की टीप पडते ती आपल्याला दिसत नाही तिथे पडते, आणि जोवर तिथे काय चालतं ते आपण एकदा नीट बघत नाही तोवर सगळं शिकणं हे चाचपडणं असतं.

त्या घरट्यामागे माझ्या चार संध्याकाळी गेल्या. गुंता खाली दिसतोय म्हणजे दोष खालीच असणार, असं मी धरून चालले होते. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी, काढली, परत भरली, उलटी घातली, सुलटी घातली. ती ज्या डबीत बसते त्या बॉबिन केसवर एक बारीक स्क्रू असतो तो पाव फेरा फिरवला, मग अर्धा, मग परत मागे, शेवटी तो मुळात कुठे होता तेच आठवेना. एका व्हिडिओत सांगितलं होतं टेन्शन वाढवा, म्हणून वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारी आकड्यांची चकती फिरवत फिरवत नऊपर्यंत नेली तर दोराच तुटायला लागला. पाचव्या दिवशी फोन केला. मावशी म्हणाली, "अगं, वर एका रंगाचा दोरा लाव आणि खाली दुसऱ्या रंगाचा. मग गुंता कुणाचा आहे ते तोच सांगेल."

वर लाल लावला, खाली पांढरा. टीप मारली, कापड उलटं केलं. खाली सगळं लाल. म्हणजे चार दिवस ज्या बॉबिनला मी दोष देत होते तिचा दोरा बिचारा सरळ रेषेत पडला होता आणि घरटं केलं होतं वरच्या दोऱ्याने.

"दोरा ओवताना पाय वर होता का खाली?" मावशीने विचारलं.

पाय म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा प्रेशर फूट. खाली होता. मला काय माहीत त्याचा दोऱ्याशी संबंध असतो म्हणून! तर तो असा असतो. वरचा दोरा दोन चकत्यांच्या मधून जातो, त्या चकत्या त्याला चिमटीत धरतात, ते टेन्शन. पाय खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात, वर केला की उघडतात. मिटलेल्या चकत्यांवरून दोरा ओवला तर तो आत बसतच नाही, नुसता वरून घसरत राहतो, त्याला कुणी धरलेलंच नसतं, आणि मग तो लागेल त्याहून कितीतरी जास्त खाली जातो आणि खालीच साठून राहतो. वर बघाल तर सगळं ठीक, दोरा ओवलेला, सुईतून आलेला.

पाय वर केला, सगळा दोरा काढला, रिळापासून परत ओवला, आकड्यांची चकती चारवर आणली. टीप आली. खालूनही आली. (तो बॉबिन केसचा स्क्रू मात्र नीट जागेवर यायला आणखी एक फोन लागला. केस दोऱ्याला लोंबकळत धरायची, नुसती धरली तर पडता कामा नये आणि हलकासा झटका दिला की बोटभर खाली सरकली पाहिजे, एवढाच तो हिशोब. माझ्यासारखी काढघालीची केस असेल तरच हं. आणि शिकणाऱ्याने त्या स्क्रूला हात लावूच नये असं माझं ठाम मत आहे.)

आता खाली घरटं दिसलं की मी बॉबिनकडे बघतसुद्धा नाही. पाय वर, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा. त्यातही वरखाली होणारा जो दांडा असतो, टेक-अप लिव्हर, त्याच्या भोकातून किंवा खाचेतून दोरा निसटलाय का ते बघायचं, कारण तो निसटला तरी असंच घरटं होतं. उलट खालच्या रंगाचे ठिपके वर दिसायला लागले तर बहुतेक वेळा वरचा दोरा जास्त ताणलेला असतो. आणि टीप बरोबर असेल तर वर फक्त वरचा रंग दिसतो, खाली फक्त खालचा, दोघांचा विळखा कापडाच्या जाडीत मधोमध कुठेतरी लपलेला असतो. शिकताना दोन रंगांचे दोरे लावा हे मी आता दिसेल त्याला सांगते.

पण मला अजून कळत नव्हतं की वरचा दोरा खाली जाऊन करतो तरी काय. दोन दोरे एकमेकांत अडकतात हे ठीक, पण अडकायला कुणाचं तरी टोक मोकळं हवं ना? वरचा रिळाला बांधलेला, खालचा बॉबिनवर गुंडाळलेला. एका टोकाला सुटा नसलेला दोरा दुसऱ्या तशाच दोऱ्यात अडकवून दाखवा बरं हाताने. नाही जमत.

म्हणून एका रविवारी दुपारी खालचं झाकण उघडलं, प्लग काढून ठेवला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि चाक हाताने फिरवत बसले. चाक स्वतःच्या दिशेने फिरवायचं, बहुतेक मशीन तशीच असतात, उलटं फिरवलं तर दोरा अडकतो. सुई खाली गेली, कापडातून आरपार, लाल दोरा घेऊन. अगदी तळाशी पोचली. आणि मग वर यायला लागली, जेमतेम दोन मिलिमीटर वर आली असेल, तेव्हा सुईच्या पाठीमागे दोरा फुगला. कापडाने दोऱ्याला धरलेलं असतं त्यामुळे सुई वर येते पण दोरा तेवढा लगेच वर येत नाही, आणि जो उरतो त्याचा एवढासा, तिळाएवढा फास होतो. त्याच क्षणी बाजूने हुकचं, म्हणजे बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाचं, टोक आलं, चोचीसारखं, आणि त्या तिळाएवढ्या फासात शिरलं. मी चाक थांबवलं. परत मागे पुढे करून तीनदा तेवढंच बघितलं.

पुढे तर आणखी गंमत आहे. हुक तो फास ओढत नेतो, मोठा मोठा करत, आणि पूर्ण बॉबिन केसच्या भोवतीने फिरवतो. बॉबिन केस मशीनला कुठेही पक्की जोडलेलीच नाहीये! ती नुसती आपल्या जागी बसवलेली असते, गोल फिरू नये एवढंच तिला अडवलेलं, बाकी चारी बाजूंनी दोरा जाईल एवढी फट. लाल फास तिच्या पुढूनही जातो आणि मागूनही जातो, पूर्ण प्रदक्षिणा, आणि मग हुकवरून सुटतो, आणि वरचा दांडा तो सगळा ढिला दोरा सर्रकन वर ओढून घेतो. पांढरा दोरा फासात अडकून कापडापर्यंत वर खेचला जातो. एक टाका झाला. म्हणजे टोक मोकळं लागतच नाही, अख्खी बॉबिनच फासातून पार जाते. हे बघितल्यावर मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

आणि त्यातून अशा गोष्टी आपोआप कळत गेल्या ज्या मी नियम म्हणून घोकत होते. उदाहरणार्थ सुईची एक बाजू वर चपटी असते आणि ती बाजू चुकीची बसली की टाके सुटतात. का? कारण सुईच्या पाठीला, नेढ्याच्या जरा वर, एक खोलगट भाग असतो, हुकचं टोक तिथून अगदी घासून जावं म्हणून. पुढच्या बाजूला लांब खाच असते, दोऱ्याला त्यात दडून खाली जाता यावं म्हणून. सुई उलटी बसली की फास चुकीच्या बाजूला होतो आणि हुक येतो आणि रिकामाच निघून जातो. काही मशीनमध्ये दोरा पुढून मागे ओवतात, काहींत आडवा, पण लांब खाचेच्या बाजूने ओवायचा एवढं धरलं की चुकत नाही. दुसरं म्हणजे दोरा. एका टाक्याला दोरा लागतो जेमतेम काही मिलिमीटर, पण बॉबिनला वळसा घालायला दरवेळी कितीतरी सेंटीमीटर खाली ओढला जातो आणि परत वर येतो. म्हणजे दोऱ्याचा प्रत्येक तुकडा कापडात बसायच्या आधी नेढ्यातून कित्येक वेळा खालीवर घासला जातो. जुन्या डब्यातला वर्षानुवर्षं पडून राहिलेला, हाताने ओढला तरी तुटणारा दोरा मशीनवर का टिकत नाही ते मला तेव्हा कळलं, तोवर मी मशीनवरच चिडत होते.

हातसुईचं नेढं बोथट टोकाला असतं आणि मशीनच्या सुईचं अणकुचीदार टोकाला. एवढाच फरक, पण त्यावर माणसांची आयुष्यं गेली आहेत. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, ते एकाच दोऱ्याची साखळी टीप घालायचं, आणि पुढे आपला धंदा बुडेल या भीतीने तिथल्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यात घुसून यंत्रं फोडली. साखळी टीप तुम्ही बघितलेली आहे, सिमेंटच्या पोत्याच्या तोंडाला असते ती, बरोबर टोक सापडलं की एका झटक्यात सगळी उसवते. नेढं टोकाला असलेली सुई आणि खाली दुसरा दोरा, ही दोन दोऱ्यांची, अशी एका झटक्यात न उसवणारी टीप घालणाऱ्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत एलायस हाउ याने सप्टेंबर १८४६ मध्ये घेतलं. त्याच्याही आधी वॉल्टर हंटने अशी टीप जमवली होती पण पेटंट घेतलं नव्हतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ती कल्पना माझ्या टेबलावर टॉर्चच्या उजेडात जशीच्या तशी चालू होती.

असो. टीप पडायला लागली तरी ती सरळ कुठे येत होती!

मावशीने सांगितलं दोरा काढून टाक आणि कागदावर शिव. रेघांची वही घ्यायची, पानं फाडायची, सुईत दोरा न घालता रेघेवरून भोकं पाडत जायचं. त्यासाठी एक जुनी सुई वेगळी ठेवायची कारण कागदाने सुई बोथट होते. मला हे जरा बालवाडीतल्यासारखं वाटलं पण केलं, आणि पानामागून पान केलं, आणि प्रामाणिकपणे सांगते की माझी टीप सरळ झाली ती त्या वहीमुळे. कारण कागदावर दोऱ्याची काळजी नसते, गुंता नसतो, फक्त हात, पाय आणि नजर.

नजरेचंच बघा ना. मी सुईकडे बघायचे. सगळे नवीन लोक सुईकडेच बघत असणार, हलणारी वस्तू तीच, डोळा तिथेच जातो. पण सुईकडे बघून टीप सरळ येत नाही कारण सुई तर जागची हलतच नाही, हलतं ते कापड. बघायचं असतं कापडाच्या कडेकडे, सुईच्या उजवीकडे, सुईखालच्या धातूच्या पट्टीवर आखलेल्या रेघेकडे. माझ्या मशीनवरच्या रेघा झिजून गेल्यात म्हणून मी सुईपासून दीड सेंटीमीटर मोजून रंगीत चिकटपट्टी लावली. कापडाची कड त्या पट्टीला लागून चालत राहिली की सुईचं सुई बघून घेते. गाडी चालवताना आपण चाकाकडे बघत नाही, रस्त्याकडे बघतो, तसंच काहीसं.

आणि हात. मी कापड ओढायचे. मागून ओढायचे, पुढून ढकलायचे, मला वाटायचं मी नाही सरकवलं तर कोण सरकवणार. एकदा तशीच मागून ओढत होते तर सुई वाकली, खालच्या पट्टीवर आपटली आणि तिचं टोक तुटून उडालं. चष्मा होता म्हणून बरं. (हे मात्र खरंच जपा, तुटलेला तुकडा सापडेपर्यंत पुढे शिवू नका.) कापड सरकवायचं काम पायाखालच्या दातांचं आहे. ते दात वर येतात, कापड पकडून मागे नेतात, खाली बुडतात, आणि बुडालेले असतानाच परत पुढे येतात. चार हालचाली, प्रत्येक टाक्याला, आणि कापड मागे नेतात ते सुई कापडाच्या बाहेर असताना. अ‍ॅलन विल्सन नावाच्या माणसाने १८५४ साली हे पक्कं केलं. त्याच्या आधी हाउच्या यंत्रात कापड पिनांच्या एका धातूच्या पट्टीवर टांगावं लागायचं, पट्टी संपली की थांबा, कापड काढा, परत टांगा. वळणाची टीप तर विसराच. मला सुईचं नेढं हा मोठा शोध वाटायचा पण शिवायला लागल्यापासून मी मनातून त्या दातांना जास्त मान देते.

दातांनी न्यायचं आणि हाताने फक्त दिशा दाखवायची, हे वाचायला सोपं आहे. हाताला पटायला मला दोन महिने लागले. लहानपणी मावशी शिवताना मी मशीनच्या बाजूला बसायचे, तिचे दोन्ही तळवे कापडावर सपाट पसरलेले असायचे, बोटं जराशी फाकलेली, आणि कापड त्यांच्या खालून आपलं आपण जात असायचं. मला तेव्हा वाटायचं ती काहीच करत नाहीये.

बाकी काही गोष्टी पटापट जमल्या. सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची बोटभर टोकं मागे धरून ठेवायची नाहीतर ती आत ओढली जातात. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके उलटे मारायचे म्हणजे टीप सुटत नाही. कोपरा आला की थांबायचं, सुई कापडातच खाली ठेवायची, पाय उचलायचा, कापड सुईभोवती फिरवायचं, पाय टाकायचा, पुढे चला. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी नुसते चौकोनच शिवत सुटले, एकात एक, चादरीचा तुकडा संपेपर्यंत. टाक्याची लांबी साध्या सुती कापडाला अडीच मिलिमीटर, तात्पुरती टीप घालायची असेल किंवा चुण्या घालायच्या असतील तर चार किंवा त्याहून मोठी, म्हणजे दोरा ओढता येतो.

मायेबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. शिवणीच्या बाहेर जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. माया सोडणे. मावशीच्या तोंडून हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते, "माया ठेवलीये आत, वाढलीस की सोडून देईन", आणि मला कधी त्यात वेगळं काही जाणवलं नव्हतं. आता स्वतः बेतताना दरवेळी जाणवतं. मापाला मापाएवढंच कापलं तर शिवताच येत नाही, आणि टीप अगदी कडेला मारली तर दोन दिवसांत विरून सुटते. टीप टिकते ती बाहेर दिसत नसलेल्या त्या दीड सेंटीमीटरवर. माझा पहिला अभ्रा मी उशीच्या बरोबर मापाचा कापला होता, माया न धरता, आणि शिवून झाल्यावर उशी आत जाईना. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "जास्तीची कापून टाकता येते गं, नसलेली कुठून आणणार." दुसरा अभ्रा कापताना चारी बाजूंना माया खडूने आखली, मग कात्री लावली. अजूनही आखल्याशिवाय कापत नाही.

आणि उसवणं. कुणीच सांगत नाही की शिवायला शिकणं म्हणजे निम्मं उसवायला शिकणं आहे. अडीच मिलिमीटरचा टाका म्हणजे एका मीटरच्या शिवणीत चारशे टाके, आणि चुकलं की चारशेच्या चारशे सोडवायचे. सुरुवातीला मी रागाने दोन कापडं धरून खेचायचे आणि कापडच फाटायचं. आता पद्धत बसलीये. दिव्याखाली बसायचं, सीम रिपरचं, म्हणजे टाके कापायच्या छोट्या हत्याराचं, टोक एका बाजूच्या टाक्याखाली सरकवायचं, कापायचा, चार टाके सोडून पुढचा कापायचा, मग पुढचा, असं टोकापर्यंत. मग कापड उलटं करायचं आणि दुसऱ्या बाजूचा दोरा हलक्या हाताने ओढायचा, तो अखंड निघून येतो, एका ओढीत, सुर्रकन. आणि कापडावर भोकांची एक बारीक रांग उरते. सुती असेल तर नखाने घासून, जरा पाणी शिंपडून इस्त्री केली की भोकं मिटतात. या कामात मला आता राग येत नाही, उलट रात्री उशिरा घर शांत झाल्यावर मी मुद्दाम उसवायचं काम काढते. चुकलेली टीप कुठे वाकडी व्हायला लागली ते उसवताना नेमकं दिसतं, इथे मी मागून ओढलंय, इथे टाचणी काढायला विसरलेय आणि टीप तिच्याभोवती वळलीये, इथे घाई झाली. शिवताना हे कधीच दिसत नाही.

झिगझॅगला, म्हणजे नागमोडी टिपेला, मी बराच काळ हात लावला नव्हता, मला ती नक्षी वाटायची. मग एक जुना टी-शर्ट खालून आखूड करायला घेतला, साधी सरळ टीप मारली, सुंदर आली, उलट बाजूनेही सुंदर आली, आणि पहिल्यांदा घालताना डोक्यावरून ओढला तर तट तट करत सगळी टीप तुटली. कापड ताणलं जातं आणि सरळ टिपेत ताणायला दोराच शिल्लक नसतो. नागमोडी टिपेत तो असतो, कापड ताणलं की नागमोड सरळ होते आणि सोडलं की परत येते. तीच मोठी केली की कापडाच्या कापलेल्या कडा विरू नयेत म्हणून त्यावरून मारता येते, एक टोक कापडात, एक टोक कडेच्या जरासं बाहेर. सुईही वेगळी लागते तिथे, बॉलपॉइंट, टोक गोलसर असतं, ते विणीचे धागे न तोडता बाजूला सारून जातं. साध्या सुईने तिथे टाके सुटतात. सुईच्या पाकिटावर ९०/१४ किंवा ८०/१२ असे आकडे असतात, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर, १४ हा त्याच जाडीचा दुसऱ्या पद्धतीतला नंबर. साध्या सुती कापडाला ८० किंवा ९०, जीन्सला १००, तलम कापडाला ७० किंवा त्याहून बारीक. आणि सुई बदला, खरंच बदला, शिवताना टक टक आवाज यायला लागला की ती बोथट झाली समजा. मशीनवर आणखी पानाफुलांच्या बारा टिपा आहेत. त्यातली एकही मी वापरलेली नाही आणि शिकणाऱ्याला त्यांची गरज आहे असं मला वाटत नाही.

इस्त्रीवरून मावशीशी माझा एकदा वादच झाला. ती म्हणे प्रत्येक टिपेनंतर इस्त्री, मी म्हणे शेवटी एकदाच करते ना. तिने मला एकाच कापडाच्या दोन शिवणी करायला लावल्या, एक इस्त्री न करता, आणि एक आधी जशी आहे तशी दाबून आणि मग माया दोन्ही बाजूंना उघडून परत दाबून. दोन्ही शेजारी ठेवल्या. पहिली टेकाडासारखी वर आलेली, दुसरी अशी सपाट की बोट फिरवलं तरी लागेना. टाके कापडात बसतात असं ती म्हणते. आता इस्त्रीचं टेबल मशीनच्या शेजारीच असतं.

सध्या माझी गाडी अडलीये ती गोलाईवर. गळ्याला पट्टी लावायची आहे, आणि ती उरेब कापडाची हवी, म्हणजे उभ्या धाग्याशी पंचेचाळीस अंशात तिरकी कापलेली, कारण तीच ताणून वळते, सरळ कापलेली पट्टी गोलाईवर चुरगळते. पहिल्या दोन्ही वेळा चुण्या पडल्या. तिसऱ्यांदा टाका दोन मिलिमीटरवर आणला, दर दोन-तीन टाक्यांनी थांबून, सुई खाली ठेवून, पाय उचलून कापड केसभर फिरवलं, आणि आतल्या मायेला बारीक बारीक छेद दिले म्हणजे ती पसरायला मोकळी होते. गळ्याचा पुढचा अर्धा भाग झालाय. संध्याकाळी फोटो काढला, सुलट बाजूचा आणि उलट बाजूचा, दोन्ही एकदम पाठवले. उत्तर आलं, "डावीकडे खांद्याजवळ बघ, पट्टी ताणली गेलीये. तेवढंच उसव."

बघितलं. खरंच तिथे चार बोटं पट्टी ताणलेली आहे. दिवा आणि रिपर घेऊन बसले आहे.